माणदेशातला हेन्री मूर

वीकेण्ड म्हणजे महाबळेश्वर, कास नाहीतर थेट गोवा, असं तुमचं समीकरण असेल तर या वेळी गाडी जरा पूर्वेला वळवा. औंध ते म्हसवड हा रस्ता कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी करावा असा आहे.

'आर्ट बघायला कुठे जायचं?' असं कुणी विचारलं की आपल्या तोंडून ठरलेली नावं येतात. मुंबईत जहांगीर आणि काळा घोडा. थोडे पैसे साठले असतील तर कोचीचं बिएनाले. आणि बॉसनं खरंच मोठी रजा दिली, तर लंडन, पॅरिस, बिल्बाओ. सातारा जिल्ह्यातला माण तालुका या यादीत कधीच नसतो. माणदेश म्हटलं की आपल्याला आठवतात दोनच गोष्टी. एक दुष्काळ, आणि दुसरी शाळेत मराठीच्या पुस्तकात वाचलेले माडगूळकर.

माझंही याहून वेगळं नव्हतं. पण एका आर्किटेक्ट मैत्रिणीनं गप्पांच्या ओघात सांगितलं, 'अरे, हेन्री मूरचं एक शिल्प साताऱ्याजवळच्या खेडेगावात आहे.' मला वाटलं, थट्टा करतेय. हेन्री मूर म्हणजे विसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात मोठा शिल्पकार. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरसमोर पाण्यात पहुडलेली त्याची आकृती आर्किटेक्चरच्या पुस्तकांतून दिसते. तो साताऱ्याजवळ काय करणार? तरी म्हटलं, बघू या. आम्ही तिघं, दोन कॅमेरे, एक जुनी गाडी. पहाटे पुणे सोडलं, साताऱ्याला मिसळ हाणली आणि रहिमतपूरमार्गे औंध गाठलं.

राजाची टेकडी

औंध हे एका छोट्या संस्थानाचं गाव. टेकडीवर यमाईचं मंदिर, आणि त्याच टेकडीवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय. १९३८ साली हे म्युझियम उभं केलं ते औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. आपल्या पिढीला हे नाव फारसं माहीत नसतं, पण जिममध्ये वॉर्म-अप म्हणून सूर्यनमस्कार घालता ना? सूर्यनमस्काराचा पद्धतशीर व्यायाम म्हणून देशभर आणि परदेशातही प्रसार करणाऱ्यांत हे राजे अगदी पुढे होते. ते स्वतः चित्रकार होते. चित्ररामायण त्यांनी स्वतः रंगवलं, अजिंठा-वेरूळवर पुस्तकं काढली आणि मिळेल तिथून कला गोळा केली.

त्यामुळे आत शिरलात की डोळे भिरभिरतात. राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, युरोपातल्या चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत, हस्तिदंताचं आणि लाकडाचं बारीक काम आहे. आणि या सगळ्या गर्दीत, कुठलाही बडेजाव न करता, मूरचं 'मदर अँड चाइल्ड'. आई आणि मूल. लंडनमध्ये असतं तर समोर दोरी असती, बाजूला गार्ड असता, बाहेर पडताना त्याच्या छापाचे मग आणि टी-शर्ट विकायला असते. इथे आमच्या बरोबर होती ती जवळच्या शाळेची सहल. मास्तर मुलांना 'पुढे चला, पुढे चला' करत होते. एक मुलगी मात्र थांबली, मान वाकडी करून बघितलं आणि मैत्रिणीला म्हणाली, 'आई हाय बघ.' झालं! मूरवर अख्खे ग्रंथ लिहिले गेलेत, पण सुरुवात इथूनच होते.

मूर हा खाणकामगाराचा मुलगा. जन्म १८९८ चा, यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्ड या कोळशाच्या गावातला. आई-मूल हा विषय त्यानं आयुष्यभर सोडला नाही. तपशील काढून टाकायचे, नाक-डोळे जवळजवळ पुसायचे, आणि उरलेल्या गोलाईतून फक्त नातं दाखवायचं. एक मोठा आकार, त्याला बिलगलेला छोटा आकार. बस्स.

राजानं फक्त चित्रं जमवली असती तर 'हौशी संस्थानिक' म्हणून आपण पुढे गेलो असतो. पण या माणसानं जानेवारी १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. तिच्या घडणीत गांधीजींचा हात होता. बरोबर होते राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली ती याच राजानं. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गंमत बघा, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून पेंटिंग सोडावं लागलं आणि ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. आजच्या भाषेत त्यांना आपण प्रॉडक्ट डिझायनर म्हटलं असतं.

औंधच्या म्युझियममधून बाहेर पडताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. इथे चित्र, नांगर आणि राज्यघटना यांच्यात फार अंतर नव्हतं. कला एका कपाटात आणि जगणं दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी या भागानं केलीच नव्हती बहुतेक.

मेंढरं, मूर आणि माळ

औंधहून वडूज, वडूजहून दहिवडी, मग गोंदवले आणि म्हसवड. दीड-दोन तासांचा रस्ता. निवांत चालवा, कारण बघायला खूप आहे. सह्याद्रीची हिरवळ मागे पडते आणि जमीन उघडी होत जाते. सपाट माथ्याच्या टेकड्या, बाभळी, कुसळाचं गवत, मधूनच माथ्यावर पवनचक्क्यांची रांग. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. इथे माणमध्ये पाचशेच्या आसपास, तोही मनात आलं तर. फोटोग्राफरसाठी मात्र हा मुलूख सुखाचा. आभाळ भलंमोठं, मध्ये काही येत नाही. सकाळी साडेसातचा आणि संध्याकाळी साडेपाचचा उजेड इतका तिरपा आणि स्वच्छ की साधा बांधसुद्धा चित्रासारखा दिसतो.

आणि मेंढरं. रस्ता अडवून, धूळ उडवत, काळी-पांढरी-तपकिरी. मागे खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर, पुढे कुत्रं. गाडी बंद करून उभं राहायचं, दुसरा इलाज नसतो.

इथे मूर परत भेटतो. १९७२ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्याचं प्रचंड मोठं प्रदर्शन ठरलं होतं. शिल्पं बांधाबांधीसाठी बाहेर निघाली, स्टुडिओत गोंधळ माजला. म्हातारा मूर वैतागून शेजारच्या छोट्या खोलीत जाऊन बसला. खिडकीबाहेर शेजाऱ्याची मेंढरं चरत होती. हातात साधं बॉलपेन. त्यानं त्यांची चित्रं काढायला घेतली आणि वहीच्या वही भरली. सुरुवातीला त्याला ती मेंढरं म्हणजे डोकं आणि चार पाय असलेले लोकरीचे बिनआकाराचे गोळे वाटली होती. बघत राहिला तसं कळलं, लोकरीच्या आत शरीर आहे, प्रत्येकाची चालण्याची, उभं राहण्याची तऱ्हा वेगळी आहे. मेंढी आणि तिला ढुशा देत दूध पिणारं कोकरू पाहिलं आणि आयुष्यभराचा विषयच समोर आला. आई आणि मूल.

मी हे धनगरबाबांना सांगायचा प्रयत्न केला. विलायतेतला एक मोठा कलाकार मेंढरांची चित्रं काढायचा म्हणून. बाबा म्हणाले, 'मग त्येनं बराबर वळखलं आसंल. दिसाया सारकी दिसत्यात, पर एक मेंढरू दुसऱ्यावानी नसतंय.' शंभर-सव्वाशेंच्या कळपातलं कुठलं आजारी आहे, हे ते लांबून सांगत होते. मला मात्र व्ह्यूफाइंडरमध्ये 'टेक्श्चर' दिसत होतं.

घोंगडी: एक अप्रतिम डिझाइन

त्या खांद्यावरच्या घोंगडीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण 'मिनिमल', 'सस्टेनेबल', 'मल्टिपर्पज' हे आपले लाडके शब्द ती कुठलाही टॅग न लावता जगत आलीय. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरायची. बायकांनी ती पिंजून, कातून सूत काढायचं. मग सणगर मंडळी खड्डामागावर ती विणणार. सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावायची. रंग? जो मेंढीचा असेल तो. काळा, पांढरा, मधला करडा. काठाला एखादी रेघ.

अशी एक घोंगडी पावसात डोक्यावरून घेतली की रेनकोट, थंडीत अंगावर घेतली की रजई, खाली टाकली की गादी, चार टोकं बांधली की गाठोडं. पाणी तिच्यावरून बऱ्यापैकी ओघळून जातं, आणि ओली झाली तरी ऊब देते. लग्नात लागते, देवाला लागते, पाहुणा आला की बसायला लागते. आमच्या आर्किटेक्ट मैत्रिणीनं हात फिरवत म्हटलं, 'कॉलेजात आम्हाला पाच वर्षं जे शिकवायचा प्रयत्न केला ना, ते हे आहे.'

पण हात फिरवून कौतुक करण्याइतकं हे सोपं उरलेलं नाही. बाजारात स्वस्त मिलची ब्लँकेटं आली. मटणाला भाव आला तशी धनगरांनी लोकर कमी आणि अंगलोट जास्त असलेली माडग्याळ जातीची मेंढरं धरली. अनेक ठिकाणी लोकर कातरायची मजुरी निघत नाही इतका लोकरीचा भाव पडलेला. कातणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, माग बंद पडत गेले. म्हणून सांगतो, मिळाली तर विकत घ्या. घासाघीस न करता घ्या. अंगाला सुरुवातीला टोचते, पण वापरू तशी मऊ होते, आणि नीट ठेवली तर अनेक वर्षं टिकते. सोफ्यावर टाका, हवं तर बाल्कनीत अंथरा. फोटोपेक्षा ही आठवण जास्त दिवस सोबत राहते.

म्हसवड: देवाची वरात

म्हसवड वसलंय माणगंगेच्या काठी. याच तालुक्यात कुळकजाईच्या डोंगरात उगम पावून ही नदी दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला करत पुढे भीमेला मिळते. नदी म्हणायचं, पण वर्षातला बराच काळ ती वाळूच दाखवते. जुन्या पेठेत अजून काही माळवदाची घरं दिसतात. जाड मातीच्या भिंती, छोट्या खिडक्या, वर लाकडावर माती अंथरलेलं सपाट छप्पर. कोकणात असं छप्पर एका पावसात वाहून जाईल. इथे मात्र ते दुपारचं ऊन बाहेर अडवतं, रात्री वर झोपायला जागा देतं आणि सुगीत धान्य वाळत घालायला अंगण होतं. पाऊस कमी, हीच इथल्या आर्किटेक्चरची पहिली ओळ. आता त्यांच्या जागी स्लॅब येतायत आणि मे महिन्यात त्याच स्लॅबखाली पंखे गरम हवा ढवळत बसतात.

गावाचा मालक सिद्धनाथ. सोबत जोगेश्वरी. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास देवाचं लग्न लागतं आणि देवदिवाळीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, वरात निघते. ही वरात म्हणजे म्हसवडचा रथ. उंच लाकडी रथ, जाडजूड दोर आणि ते ओढायला धडपडणारी माणसं. 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' असा गजर उठतो आणि चारी बाजूंनी गुलाल-खोबरं उधळलं जातं. दहा मिनिटांत आभाळ, भिंती, दाढ्या, पागोटी, मोबाइल, सगळं एका रंगाचं होतं.

बिएनालेत पैसे मोजून आपण 'पार्टिसिपेटरी इन्स्टॉलेशन' बघतो. प्रेक्षकानं आत शिरून काम पूर्ण करायचं वगैरे. इथे प्रेक्षक असा प्रकारच नाही. तुम्ही एक तर ओढताय, नाहीतर उधळताय, नाहीतर गच्चीवरून हात जोडताय. कॅमेरा घेऊन मध्ये उभं राहिलेल्या माणसाला 'आवो, सरका की पाव्हणं' असं प्रेमानं बाजूला केलं जातं. आणि लगेच हातावर खोबऱ्याचा तुकडाही ठेवला जातो.

टेक्निकल टीप: कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबरबँड लावा, लेन्स बदलायचा मोह टाळा. गुलाल महिनाभर बटणांतून निघत राहतो.

प्लॅस्टिकचा कागद आणि एक बँक

म्हसवड जगाच्या नकाशावर गेलं ते मात्र देवळामुळे नाही, एका बँकेमुळे. चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या, लग्न होऊन म्हसवडला आल्या. त्यांनी अनेकदा सांगितलेली एक गोष्ट आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण बँकेनं खातं उघडायला नकार दिला. पैसे कशाला हवे होते? पावसाळ्यापूर्वी डोक्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायला.

पुन्हा वाचा. घर नाही, खोली नाही, प्लॅस्टिकचा कागद. आपण 'आर्किटेक्चर' म्हणतो त्या शब्दाची अगदी पहिली पायरी ही. डोक्यावर काहीतरी हवं.

मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अर्जावर अंगठे होते. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. पुढच्या वेळी त्या स्वतः अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर न घेता सांगता येतंय का बघा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' हा गावाचा स्वतःचा रेडिओही आला.

आमच्या मैत्रिणीचं म्हणणं असं की ही बँक म्हणजेसुद्धा डिझाइन आहे. गरज नेमकी ओळखायची, वापरणाऱ्यालाच टेबलावर बसवायचं आणि नियम आडवे आले तर नियमाची भाषा शिकून घ्यायची. पटलं.

छावणीतली वाक्यं

मी म्हसवडला पहिल्यांदा गेलो ते रथाला नाही, २०१९ च्या मे महिन्यात. तेव्हा दुष्काळ होता आणि गावाजवळ चारा छावणी लागली होती. त्याआधीच्या, २०१२-१३ च्या दुष्काळातही इथे अशीच मोठी छावणी होती. छावणी म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही. घरी जनावरांना चारा-पाणी नाही, म्हणून हजारो जनावरं आणि त्यांच्याबरोबर घरातलं एखादं माणूस माळावर येऊन राहतं. दोन-चार दिवस नव्हे, महिनोन् महिने. बांबू, शेडनेट, जुनी लुगडी, फाटकी ताडपत्री यातून एक अख्खं गाव उभं राहतं. गल्ल्या असतात, शेजार असतो, चूल असते. एकाच सावलीत अर्ध्या जागेत बैल आणि अर्ध्यात खाट. कुठल्याही आर्किटेक्टनं नकाशा काढलेला नाही, तरी वारा कुठून येतो आणि दुपारी तीनला ऊन कुठे सरकतं याचा हिशोब प्रत्येक छपरात पक्का.

दिसायला ते सगळं भन्नाट होतं. हिरव्या शेडनेटमधून गाळून आलेला उजेड, खिल्लारांची पांढरी पाठ, लाल लुगडं. प्रत्येक फ्रेम मासिकात शोभेल अशी. अशाच एका छपराखाली एक मावशी वैरण टाकत होत्या. मी विचारलं, 'फोटो काढू का?' त्या म्हणाल्या, 'काढा की दादा. दुष्काळाचं फोटू काढाया लई जण येत्यात. पाऊस पडल्यावर कुणी फिरकत न्हाय.'

आवाजात तक्रार नव्हती. हवामानाबद्दल बोलावं तसं बोलल्या आणि वैरण टाकत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, 'आमची ज्वारी उभी असती तवा या. मग काढा.'

हे वाक्य माझ्याबरोबर पुण्याला आलं. माणदेशाचे फोटो गूगल करून बघा. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, आभाळाकडे बघणारा म्हातारा. खोटं त्यात काहीच नाही. पण वर्षानुवर्षं एकच चित्र बघितलं की तो मुलूख म्हणजे ते चित्रच होऊन बसतो. मग तिथल्या पोरीशी लग्नाची बोलणी असोत, तिथल्या पोराची नोकरीची मुलाखत असो, की तिथे कारखाना काढायचा विचार असो, ते चित्र आधी पोचतं. मूरला मेंढरं आधी लोकरीचे गोळे वाटली, पण तो बघत राहिला म्हणून आतलं शरीर दिसलं. एकाच मोसमात येऊन जाणाऱ्याला फक्त लोकर दिसणार.

म्हणून पुढे मी देवदिवाळीला गेलो, आणि एकदा जानेवारीत. जानेवारीतली ज्वारी बघाच. छातीएवढी उभी, कणसं भरलेली, पाखरं हाकायला माळ्यावर पोरं. अलीकडे टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या उपसा योजनांची नावं इथे देवांच्या नावांसारखी घेतली जातात. पाणी जिथे पोचलं तिथे डाळिंब, ऊस, नवी घरं. जिथे पोचलं नाही तिथे अजून टँकरची वाट. एका वळणावर हे, पुढच्या वळणावर ते. दोन्ही एका फोटोत मावत नाहीत, म्हणून जास्त फोटो काढावे लागतात.

तलाव आणि भिंत नसलेला तुरुंग

म्हसवडहून थोडं पुढे सातारा आणि सांगलीच्या हद्दीवर राजेवाडीचा तलाव आहे. ब्रिटिश कागदपत्रांत याचं नाव 'म्हसवड टँक'. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून असे तलाव खोदायला घेतले गेले, त्यांतला हा एक. संध्याकाळी बांधावर उभं राहा. पाणी असेल तर आभाळ खाली उतरलेलं दिसतं. नसेल तर तळात गुरं चरताना दिसतात. कुठल्याही कोनशिलेवर त्या माती उचलणाऱ्या माणसांची नावं नाहीत. पण आपण उभे असतो तो सगळा बांध त्यांच्या पाट्यांनीच रचलेला.

तिथून सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे गेलात की जवळच स्वतंत्रपूर. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. १९३९ मध्ये राजानं आणि त्या पोलिश फ्रीडमननं इथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. उंच भिंत नाही, बेड्या नाहीत. शिक्षा झालेल्या माणसांनी शेती करायची, कुटुंबाबरोबर राहायचं. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यावरूनच सुचला. कथा गदिमांची, आणि गदिमा याच मातीतले. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला सिल्व्हर बेअर मिळालं. आमची मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'भिंत काढून टाकणं हेही आर्किटेक्चरच की.'

औंधचा मूर, धनगराची घोंगडी, छावणीचं छप्पर, भिंत नसलेला तुरुंग. दोन दिवसांत ७०-८० किलोमीटरच्या पट्ट्यात हे सगळं बघितल्यावर 'आर्ट ट्रिप'ला कुठे जायचं या प्रश्नाचं माझं उत्तर बदललंय. मूर बघायला इथे या, नक्की या. मात्र त्याच्याकडून बघत राहण्याची सवय घेऊन पुढे म्हसवडला जा. आणि एकाच मोसमात जाऊन थांबू नका.

कसं जाल, काय कराल?

• पुण्याहून साताऱ्यापर्यंत हायवे, मग रहिमतपूरमार्गे औंध. तिथून वडूज, दहिवडी, गोंदवले, म्हसवड. स्वारगेटहून साताऱ्याला एसटी सतत असते. सातारा-पंढरपूर रस्त्यावरच्या गाड्या म्हसवडला थांबतात. स्वतःची गाडी असेल तर उत्तम.

• औंधच्या म्युझियमची वेळ, सुट्टीचा दिवस आणि आत फोटो काढता येतात का, हे आधी विचारून घ्या.

• रथासाठी देवदिवाळीची तारीख पंचांगात बघा. हिवाळ्यात गेलात तर ज्वारी, उन्हाळ्यात गेलात तर टोपी आणि भरपूर पाणी. पाणी सोबत न्या, गावातलं मागून संपवू नका.

• खाण्यात बाजरीची भाकरी, खर्डा, हुलग्याचं माडगं. मांसाहारी असाल तर इथल्या मटणाला तोड नाही.

• माणसांचे फोटो विचारून काढा. पत्ता घ्या आणि प्रिंट काढून पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोबाइलबरोबर जातो. प्रिंट भिंतीवर लागते.